मुक्कामी हेडमास्तर

नंदुरबारच्या शिक्षणाविषयी लिहायला बसले की पहिला आकडा साक्षरतेचाच पुढे येतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के होती आणि राज्याची ८२.३४. महाराष्ट्रातला हा तळाचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा राज्यातून जी चार नावे गेली त्यांतही नंदुरबार होतेच. कारणे विचारा, ती पाठ असल्यासारखी सांगितली जातात: सातपुड्याचे डोंगर, सत्तर टक्क्यांच्या घरातली आदिवासी लोकसंख्या, ऊसतोडीचे स्थलांतर, कुपोषण, घरात भिलोरी-पावरी-मावची आणि पुस्तकात मराठी. यातले एकही कारण खोटे नाही. पण एवढ्याने एका गोष्टीचा उलगडा होत नाही. त्याच डोंगरात, त्याच गरिबीत, तीच बोली बोलणाऱ्या मुलांची एक शाळा रोज भरते आणि दुसरी भरत नाही. एकीची मुले पाचवीला कुठेतरी दाखल होतात, दुसरीची फक्त पटावर असतात. हा फरक डोंगराने पाडलेला नसतो. शाळा कोण चालवते आणि ते माणूस कुठे राहते, यावर तो बराचसा ठरतो. या जिल्ह्यातल्या शाळांचा मागचा इतिहास चाळला तर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शाळेच्या प्रमुखाची जागा इथल्या डोंगरात जवळपास कधीच नीट भरली गेली नाही, आणि ती रिकामी राहण्यात निष्काळजीपणापेक्षा नियमांचा हात मोठा आहे.

सुरुवात जिल्ह्याच्या सीमेवरून करावी लागते. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, याचे सगळ्यांना कौतुक वाटते. शाळांच्या इतिहासातही ही सीमा महत्त्वाची आहे. पलीकडचे सोनगड बडोदे संस्थानात होते. सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे धाणका आणि इतर वन्य जमातींच्या मुलांसाठी बोर्डिंग शाळा काढली. मुले तिथेच राहत, मास्तरही तिथेच. पुढे तिथून शिकलेल्यांतले काही जण स्वतः शिक्षक झाले आणि आपल्या समाजात सुधारणेच्या चळवळीत उतरले. बडोद्याने सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केले आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले. सक्ती कागदावर किती आणि गावात किती, हा वाद आहेच. पण सक्तीच्या आधी बोर्डिंग आणि बोर्डिंगबरोबर राहणारा गुरुजी, हा क्रम त्या संस्थानाला सुचला होता.

अलीकडे, ब्रिटिशांच्या खानदेशात, तसे काही घडले नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले आणि आजचे नंदुरबार पश्चिम खानदेशात आले. शाळा होत्या त्या तापीकाठच्या सपाटीवर, बाजाराच्या गावांत: नंदुरबार, शहादे, तळोदे. डोंगर मेहवासी संस्थानिकांकडे आणि जंगल खात्याकडे. १९३६ मध्ये सरकारने ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांची यादी काढली. तीत पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेहवासींची गावे होती. आजचा अवघड भाग म्हणून जो नकाशा आपण रंगवतो, तो जवळजवळ हाच. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. पण बोर्ड धुळ्यात आणि त्यावर निवडून जाणारे सपाटीवरचे. अक्राणीत मास्तर नेमायचा तर तो खालूनच वर जाणार, आणि वर गेलेल्याचे डोळे खाली परतण्याकडे लागलेले. बदलीची ही ओढ शिक्षकांची खोड म्हणून सांगितली जाते. मला ती जागेच्या रचनेतच दिसते.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मागणी केली की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना कळतील. शिक्षकाची जात बदला एवढाच त्याचा अर्थ घेतला तर मुद्दा अर्धाच हाती लागतो. फुले बोलत होते ते शाळा आणि गाव यांच्यातल्या अंतराविषयी. पुढे १९२८ ते १९३० या काळात मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी केली. डॉ. आंबेडकर, ठक्करबाप्पा आणि डॉ. सोळंकी हे तिचे सदस्य होते. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर त्या काळातला भर तिथूनही दृढ झाला. नुसती शाळा काढून भागत नाही, मुलाला राहायला जागा लागते, हे तोवर सगळ्यांना पटले होते. मुलाबरोबर राहणारा मोठा माणूसही लागतो, हे मात्र फार थोड्यांना पटले.

ज्यांना पटले त्यांत ठक्करबाप्पा पहिले. १९२२ मध्ये त्यांनी दाहोदकडे भील सेवा मंडळ काढले. तिथल्या आश्रमांत सेवक मुलांबरोबर राहत, जेवत, शेतात काम करत. आपल्या आजच्या आश्रमशाळेचे मूळ या परंपरेत आहे. याच सुमारास खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी १९२४ पासून शिकवत होते आणि शाळेचे वसतिगृह सांभाळत होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. अमळनेर काही सातपुडा नव्हे आणि ती मुले आदिवासीही नव्हती. तरी गुरुजींची खानदेशातली कीर्ती वर्गातल्या शिकवण्याइतकीच वसतिगृहातल्या त्या सहा वर्षांची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे शहाद्यात पी. के. अण्णा पाटलांनी शिक्षणसंस्था उभारली तिला साने गुरुजींचेच नाव दिले. खानदेशाला चांगला शिक्षक म्हणजे काय याची एक ठरलेली कल्पना होती, आणि त्या कल्पनेत शिक्षक रात्रीही मुलांजवळ असे.

सरकारने ही कल्पना उचलली, पण अर्धीच. १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान मिळू लागले. १९७२-७३ पासून सरकारने स्वतःची आश्रमशाळा संकुले उभी केली. आज राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून आश्रमशाळा हजाराच्या आसपास आहेत, आणि नंदुरबार व तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांखालचा हा भाग त्यांच्या दाट वस्तीतला एक आहे. आश्रमाची इमारत आली, पहाटेची घंटा आली, प्रार्थना आली, दोन वेळचे जेवण आले. आश्रमाचा प्रमुख मात्र तुकड्यातुकड्यांत वाटला गेला. मुख्याध्यापक शाळेच्या वेळेचा, अधीक्षक वसतिगृहाचा, स्वयंपाकी आणि कामाठी आपापल्या वेळापत्रकाचे. धान्य पुरवठ्याचा ठेका वर ठरतो. संडासाचे दार मोडले की अर्ज प्रकल्प कार्यालयात जातो आणि तिथून बांधकामाकडे. मूल रात्री तापाने फणफणले तर जबाबदारी कुणाची, याचे उत्तर आश्रमशाळा संहितेत असते. पण त्या रात्री आवारात कोण आहे, यावर सगळे ठरते. राज्यातल्या आश्रमशाळांमधील मृत्यूंची चौकशी करायला डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. पंधरा वर्षांत हजारावर मुले दगावल्याचा तो हिशेब होता. सर्पदंश, ताप, वेळेवर न मिळालेले उपचार. या यादीत शिक्षणशास्त्र कुठेच नाही. रात्री आठनंतर तिथे निर्णय घेऊ शकणारे माणूस आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांची गोष्ट वेगळी, पण तीही शेवटी याच ठिकाणी येऊन थांबते. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. १९९८ च्या १ जुलैला नंदुरबार धुळ्यापासून वेगळे झाले आणि जिल्हा परिषद निदान जवळ आली. २००० नंतर पाड्यापाड्यावर वस्तीशाळा निघाल्या. स्थानिक तरुण हजार रुपये मानधनावर शिकवू लागले. या निमशिक्षकांना कायम व्हायला २०१४ उजाडले. दरम्यान शिक्षणहक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्याची अट आहे, ती म्हणजे १५० हून अधिक मुले. वरच्या प्राथमिकला १०० हून अधिक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायदा चांगल्या हेतूचा आहे, त्याने एकशिक्षकी शाळेला निदान कागदावर तरी निरोप दिला. पण सातपुड्यात घरे विखुरलेली असतात. एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यावर जायला नाला उतरून टेकडी चढावी लागते. तिथे १५० चा पट जमणार कुठून? म्हणजे घरी अक्षरओळख नसलेल्या, शाळेची भाषा घरात न ऐकलेल्या मुलांच्या शाळेलाच कायद्याने मुख्याध्यापक नाही. आणि खाली शहाद्याच्या पट्ट्यात, जिथे आईबाप स्वतः अभ्यास घेऊ शकतात, त्या मोठ्या गावच्या शाळेला आहे.

मग वर कोण असते? प्रभारी मुख्याध्यापक. दोन शिक्षकांतला जो ज्येष्ठ तो. त्याच्याकडे दोन वर्ग आहेत, शिवाय पटनोंदणी, पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा हिशेब, यू-डायस, सरल, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, बँक खाते, निवडणुकीचे काम आणि धडगावला किंवा अक्कलकुव्याला बैठक. मोबाइलवर माहिती भरायची तर रेंजसाठी आधी टेकडी गाठायची. तो बैठकीला गेला की मागे चार वर्गांवर एक शिक्षक उरतो. दुसराही रजेवर असला तर शाळेला कुलूप. या माणसाला पदाचा पगार नाही, अधिकार नाही, आणि सोबतच्या शिक्षकाला ‘उद्या वेळेवर या’ म्हणायची ताकदही नाही, कारण तोही उद्या प्रभारी असू शकतो. त्याच्यावर केंद्रप्रमुख. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली, दहाबारा शाळांना एक असे ते प्रमाण. कल्पना उत्तम. फक्त यातली कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि तो भारही कुठल्यातरी शिक्षकाच्याच गळ्यात पडला.

बदल्यांचे धोरण याच्या जोडीला. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने शाळा ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशा क्षेत्रांत विभागल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदलीचा हक्क. ज्यांच्या हातून हे धोरण आले त्यांचा हेतू न्यायाचा होता. वशिल्यावर चालणारा बदल्यांचा बाजार त्यांना मोडायचा होता आणि काही अंशी तो मोडलाही. पण शाळेच्या बाजूने पाहा. पावरी कानावर पडून समजायला लागायला शिक्षकाला दीडदोन वर्षे लागतात, कुठले घर दिवाळीनंतर बारडोलीच्या उसाला जाते आणि कुठले आजीला मागे ठेवते हे कळायला आणखी एखादे. कळले की माणूस बदलीस पात्र. आणि बढती मिळून पूर्ण मुख्याध्यापक झाला तर नेमणूक १५० पटाच्या शाळेत, म्हणजे पुन्हा खालीच. डोंगरातला अनुभव डोंगरात साठू नये याची इतकी चोख व्यवस्था कुणी ठरवून केली असती तर तिला कट म्हटले असते. इथे ती तीन वेगवेगळ्या चांगल्या नियमांच्या बेरजेतून आपोआप झाली आहे. आदिवासी भागासाठी २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणी आहे, मुख्यालयी राहण्यासाठी घरभाडे भत्ता आहे, त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अट आहे. तरी अप-डाऊन चालूच. भत्त्याने माणूस थांबत नाही असे नाही. पण गावात राहायला खोली नसेल, आणि राहिला काय न राहिला काय शाळेच्या कारभारात काही फरक पडत नसेल, तर तो ठराव तेवढा मिळवतो.

आता उलट बाजूचा पुरावा. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित केली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, नर्मदेच्या काठाची. तिथल्या बऱ्याच गावांत सरकारी शाळा होत्या पण कागदोपत्री. १९९१-९२ च्या सुमारास नर्मदा बचाओ आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे पहिल्या जीवनशाळा सुरू केल्या. गावाने कुडाची घरे श्रमदानाने उभी केली. शिक्षक त्याच भागातले तरुण, थोडेफार शिकलेले. निवासी शाळा, म्हणून शिक्षकही मुलांबरोबरच. सुरुवातीची पुस्तके पावरी-भिलोरीत, मराठी हळूहळू. जंगल, नदी, गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी अभ्यासात आल्या, आणि सरकारी अभ्यासक्रमही सोडला नाही. चौथीची परीक्षा मुले सरकारी शाळेतून देत. बुडितात शाळा गेली की वर सरकून ती पुन्हा बांधली जाई. घोषणाच होती, ‘लडाई, पढाई साथ साथ’. या शाळांतून शिकलेली मुले पुढे माध्यमिकला, महाविद्यालयात, नोकऱ्यांत गेली, काही तर शिक्षक होऊन त्याच शाळांत परतली.

जीवनशाळांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लिहिणाऱ्यांना त्यांतले गाणे, खेळ, बालमेळा आवडतो. आवडावाच. पण माझ्या मते त्यांचे यश आधी कारभाराचे आहे आणि मग अध्यापनपद्धतीचे. या शाळांत शिक्षक आला नाही तर गाव विचारू शकत होते, आणि ज्याला विचारायचे तो दोन झोपड्यांपलीकडे राहत होता. धान्य संपले, मूल पळून घरी गेले, पूर आला, यावर त्याच दिवशी निर्णय होत होता. प्रमुख नावाचे पद नसेल, पण प्रमुखपण होते, आणि ते गावात मुक्कामाला होते. आदिवासी पालकांना शिक्षणाची आस्था नाही, हे वाक्य शिक्षक-खोल्यांत सर्रास ऐकू येते. ज्या डोंगरात आदिवासी समाजसुधारक गुलाम महाराजांच्या शब्दावर १९३८ च्या आसपास हजारो लोकांनी दारू सोडली, त्या लोकांना बदल नको असतो असे कसे म्हणायचे? आपल्यात राहणाऱ्याचे ते ऐकतात, एवढेच त्या घटनेवरून दिसते.

जगभरच्या अभ्यासांतही हेच वळण आहे, थोड्या सावध भाषेत. १९६६ च्या अमेरिकेतील कोलमन अहवालाने शाळेपेक्षा घरची परिस्थिती भारी असे सांगितले आणि दशकभर सगळे नाउमेद झाले. मग १९७० च्या दशकात रॉन एडमंड्स यांच्यासारख्यांनी गरीब वस्त्यांतल्या, तरीही मुले नीट शिकणाऱ्या शाळा शोधल्या, तिथे कणखर मुख्याध्यापक हा समान धागा सापडला. २००४ मध्ये लीथवूड आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र मांडले. शाळेत घडणाऱ्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम वर्गातल्या अध्यापनाचा, आणि त्याखालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा, असा त्यांचा निष्कर्ष. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली: शाळा जितकी अडचणीतली, तितका हा परिणाम मोठा. परिणाम बहुतांश अप्रत्यक्ष असतो, शिक्षक टिकवणे, वेळ वाचवणे, वातावरण राखणे यांतून येणारा. आपल्याकडचा पुरावाही आहे. २००३ मध्ये भारतभर अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत चारातला एक शिक्षक गैरहजर सापडला. महाराष्ट्र १४.६ टक्क्यांवर, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत बरा. त्याच पाहणीत, पगार अधिक असूनही मुख्याध्यापक इतर शिक्षकांपेक्षा जास्त गैरहजर निघाले. त्यांतले बरेचसे बैठकांना गेले असतील, अशी माझी समजूत आहे. शाळेच्या प्रमुखाला शाळेबाहेर ठेवण्यात आपली व्यवस्था वाकबगार आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे वरवरचे. पोटात अन्न नाही, रक्तात सिकलसेल, आईबाप सहा महिने उसाच्या फडावर, तिथे मुख्याध्यापक काय करणार? प्रश्न रास्त आहे. मुख्याध्यापक मजुरी देऊ शकत नाही. पण स्थलांतर होणार हे दसऱ्यालाच ठाऊक असते. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला, मुकादम यायच्या आधी घरोघर जाऊन कुठले मूल मागे ठेवता येईल हे ठरले, भोंगऱ्याच्या बाजारानंतर आणि होळीनंतर शाळा पुन्हा भरवायला कुणी पाड्यावर गेले, तर वर्षातले महिने वाचतात. हे काम प्रस्तावाच्या तारखांनी होत नाही, ओळखीने होते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ओळीने १ जून या जन्मतारखा दिसतात, त्या मास्तरांनीच दिलेल्या. मुलाचे वय, कधी आडनावाचे रूपही, ज्या लेखणीने ठरते ती लेखणी मुलाचे वर्ष वाया जाऊ न देण्याइतकी समर्थ आहेच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. नेतृत्व सुधारल्याने निकाल सुधारतात तर तसा कार्यक्रम राबवून दाखवा, आणि तो राबवला गेलाही, अगदी शेजारच्या मध्य प्रदेशात. शाळांचे मूल्यांकन, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा, पाठपुरावा, सगळे आखीवरेखीव. मुरलीधरन आणि सिंग यांनी तुलना करून अभ्यास केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: मूल्यांकने झाली, आराखडे लिहिले गेले, शिक्षकांची हजेरी आणि मुलांचे शिकणे होते तिथेच राहिले. माझ्या मांडणीला हा धक्का आहे असे वाटू शकते. मला तो आधार वाटतो. त्या कार्यक्रमाने मुख्याध्यापकाला आणखी एक फाइल दिली. राहण्याचे कारण, शिक्षकाला जाब विचारण्याचा अधिकार, थोडा पैसा, यांतले काहीच दिले नाही. याच्या शेजारी उदयपूरकडचा, भील वस्तीतलाच प्रयोग ठेवा. सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत रोज कॅमेऱ्याने हजेरी आणि हजेरीवर पगार असे केले, तर गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली आणि मुलांचे गुणही वाढले. हा काही आदर्श कारभार नव्हे, माणसावर अविश्वास दाखवणारे ते यंत्र आहे. पण शाळा नुसती रोज उघडली तरी मुले शिकतात, इतके त्याने सिद्ध केले. डोंगरातल्या नेतृत्वाचे पहिले काम तिथेच आहे.

तिसरा आक्षेप: हे सगळे एखाद्या भल्या माणसावर टांगलेले असते, तो गेला की संपते. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ नंतर जे केले ते पाहायला राज्यभरचे शिक्षक गेले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ला त्यातून प्रेरणा मिळाली. मग हजारो शाळांच्या फरशा रंगल्या. रंगवलेली फरशी पोहोचली, पण एका बीटातल्या शाळांवर एकच अधिकारी वर्षानुवर्षे बसून शिक्षकांशी बोलत राहिली, ही गोष्ट शासननिर्णयात मावली नाही. आक्षेप म्हणून हे खरे आहे. पण त्याचे उत्तर व्यक्तीला वगळणे हे नाही. तिला मुदत, जागा आणि तिच्यामागून येणारी माणसे देणे, हे आहे.

आणि स्थानिक म्हटले की सगळे गोड, असेही नाही. अनुदानित आश्रमशाळांचा आपला अनुभव सांगतो की संस्थाचालक स्थानिक, पुढारी स्थानिक, मुख्याध्यापक नात्यातला, आणि तरी मुलांच्या ताटात पातळ डाळ. गावात राहणारा माणूस गावाला उत्तरदायी असेलच असे नाही. तो संस्थेच्या अध्यक्षाला उत्तरदायी असेल तर गाव त्याच्या लेखी फक्त पट आहे. जीवनशाळेत तसे झाले नाही कारण तिथे अध्यक्ष नव्हता, लढणारे गाव होते. लढाई सगळीकडे आणता येत नाही, आणू नयेही. म्हणून मुक्कामाबरोबर ग्रामसभेचा खरा अधिकार लागतो. पेसा कायद्याने, १९९६ पासून, तो अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना तत्त्वतः दिला आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आणि शहादा-नंदुरबारचा भाग त्यात येतो. प्रत्यक्षात शाळेपुरता तो घरभाड्याच्या ठरावापर्यंत आक्रसला आहे.

डोंगरातून शिकून वर आलेल्या मुलामुलींची एक पिढी आता तयार आहे. आश्रमशाळेतून, जीवनशाळेतून निघून डी.एड., बी.एड. झालेली, पावरी आणि मराठी दोन्ही बोलणारी. फुल्यांनी १८८२ मध्ये जे मागितले ते द्यायला आज माणसे आहेत. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकासह अनेक संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले, आणि इथल्या भरतीवरही न्यायालयीन प्रश्नचिन्ह लागले. समान संधीचे तत्त्व न्यायालयाने धरले ते गैर म्हणता येणार नाही. स्थानिक भाषा जाणण्याची अट त्या तत्त्वात बसवता येईल का, हा विचार मात्र सरकारांनी पुरेसा केला नाही. उमेदवारांनी आंदोलने केली, मग २०२४ मध्ये तात्पुरत्या, मानधनावरच्या नेमणुकांचा मार्ग काढला गेला. पाड्यावरच्या शाळेला त्यामुळे मुलांची भाषा बोलणारा शिक्षक मिळाला. पण मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळते, आणि मानधनावरचा माणूस ज्येष्ठतेच्या यादीत येत नाही.